तळावलीची सांताना

जुन्या गोव्याच्या मोंति सांतु टेकडीवर, रानवेलींनी ग्रासलेल्या चौथऱ्यांच्या मध्यभागी, जांभ्या दगडाचा एक उंच आणि अर्धाच उरलेला मनोरा उभा आहे. बों जेझुश देवालयातील संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटिकेचे दर्शन घेऊन आलेले प्रवासी त्या भग्नावशेषाकडे मान वर करून पाहतात, आणि हा मनोरा ज्या देवालयाचा होता ते अखंड असताना कसे दिसत असेल असे एकमेकांना विचारीत पुढच्या स्थळाकडे वळतात. ते देवालय आगुस्तिन पंथाच्या संन्याशांचे, कृपेच्या मातेला वाहिलेले, १५९७ ते १६०२ या काळात उभारलेले, आणि गोव्याच्या वैभवकाळात त्याची पाच मजली दर्शनी भिंत व तिच्या दोन्ही अंगांचे मनोरे हे राजधानीचे एक भूषणच समजले जात असत. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांचे मठ बरखास्त केले, त्यांच्या मिळकती सरकारजमा झाल्या, संन्यासी निघून गेले. पुढे सात वर्षांत देवालयाचा लदाव कोसळला, आणि १९३१ साली दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग जमीनदोस्त झाला. आज उरला आहे तो सुमारे ४६ मीटर उंचीचा एक सुळका.

परंतु त्या प्रश्नाचे उत्तर देणारी एक वास्तू तेथून अवघ्या दीड-दोन कोसांवर, दक्षिणेच्या बाजूस, भातशेतीच्या कडेला आजही उभी आहे, आणि ती एखाद्या श्रीमंत पंथाची अगर राजाची नसून एका खेड्याची आहे. तिसवाडी तालुक्यातील तळावली गावची ही संत आनाची इगर्ज, म्हणजे चर्च. लोक तिला ‘सांताना’ म्हणतात, आणि गावाचे मूळ नाव मागे पडून पुष्कळदा गावालाही तेच नाव चिकटते. पाच मजल्यांची दर्शनी भिंत, दोन्ही कडांना मनोरे, मजल्यामजल्यावर खिडक्यांची आणि कोनाड्यांची ओळ: आगुस्तिनांच्या कोसळलेल्या देवालयाचा घाट या ग्रामीण वास्तूत उतरला आहे, असे स्थापत्याचे अभ्यासक सांगतात. अस्सल नष्ट झाले आणि नक्कल टिकली, असे एका वाक्यात म्हणून टाकता येईल. परंतु तळावलीची इगर्ज नक्कल आहे असे म्हणण्यास माझे मन घेत नाही, आणि ते का घेत नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

तळावलीच्या परिसराला इतिहासाचे थर पुष्कळ आहेत. जवळच गोवा वेल्हा, म्हणजे कदंबांचे गोपकपट्टण. अकराव्या शतकात चांदरहून राजधानी जुवारीच्या तीरावर आणणाऱ्या त्या राजवंशाची गलबते याच खाडीत नांगरून पडत. पिलारच्या टेकडीवर गोवेश्वराच्या प्राचीन देवस्थानाच्या खुणा आहेत, आणि त्याच टेकडीवर १६१३ साली कापुचिन संन्याशांनी आपला मठ बांधला. एका काळाच्या दगडावर दुसऱ्या काळाचा दगड चढवावा, आणि खालचा दगड पुरता बुजूही नये, असा हा मुलूख आहे.

या मुलखाची खरी सत्ता मात्र राजधानीत नव्हती, ती गावकारीत होती. १५१० साली आफोंसु द आल्बुकेर्क याने गोवा जिंकल्यावर नव्या राज्यकर्त्यांना लवकरच कळून चुकले की, बांध घालून खाजणे राखणारी, शेतसारा गोळा करणारी, देवळाचा खर्च चालविणारी आणि उरलेला वाटा गावकरांना ‘झोण’ म्हणून वाटून देणारी ही ग्रामसंस्था मोडली तर महसूलच बुडेल. म्हणून १५२६ साली आफोंसु मेशिया याने गावकरांच्या परंपरागत हक्कांची आणि वहिवाटींची एक सनदच लिहून काढली, जी ‘फोराल’ या नावाने गोव्याच्या दप्तरखान्यात प्रसिद्ध आहे. व्यवस्था राहिली, देव राहिले नाहीत. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली, आणि पुढच्याच वर्षी गावकरांना बोलावून, पूर्वी देवळांसाठी आणि देवळांच्या सेवेकऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या ‘नमशी’ जमिनींचे उत्पन्न यापुढे इगर्जी आणि कपेलांकडे जाईल अशी कबुलायत त्यांच्याकडून घेण्यात आली. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला खाडीपलीकडे, डिचोलीच्या बाजूस नार्व्याला आश्रय घ्यावा लागला, आणि त्याचे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ साली नव्याने बांधविले, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तिसवाडीतील कोणत्याही इगर्जीच्या सौंदर्याविषयी लिहिताना हे प्रकरण वगळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्या उत्पन्नावर त्या उभ्या राहिल्या, त्यात एका पूर्वीच्या श्रद्धेचे अन्न मिसळलेले आहे.

तथापि १५४० पासून सांतानाचा पाया पडेपर्यंत एकशेचाळीस वर्षे लोटली, आणि तेवढ्या काळात गावे बदलली. ज्यांच्या आजा-पणजांनी दडपणाखाली बाप्तिस्मा घेतला होता त्यांना हा धर्म घरचा झाला; त्यांच्यातूनच पाद्री निर्माण झाले, लॅटिन शिकले, तत्त्वज्ञान शिकले, आणि आपल्याच देशात आपली पायरी खालची का, असे विचारू लागले. कारण युरोपीय संन्यासीपंथांचे दरवाजे त्यांना बंद होते. बार्देशचे पारिश फ्रान्सिस्कनांच्या ताब्यात होते, सासष्टीचे जेज्वितांच्या. देशी पाद्र्यांच्या वाट्याला साहाय्यकाचे काम येई. दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रु या ब्राह्मण कुळातील तरुणाला गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली, तेव्हा तो रोमला गेला, तेथे पाद्री झाला, १६३७ साली बिशप होऊन परत आला, आणि पोर्तुगिजांशी आयुष्यभर झगडत असताना आदिलशाही मुलखातील डिचोलीस ठाण मांडून राहिला. सासष्टीत जन्मलेल्या जुझे वाझ यांनी वेगळा मार्ग काढला. १६८० नंतरच्या काही वर्षांत देशी पाद्र्यांचा स्वतंत्र संघ जुन्या गोव्यात आकारास आला, त्याची घडी वाझ यांनी बसविली, आणि १६८७ साली वेष पालटून सिंहलद्वीपात शिरून त्यांनी तेथील पोरक्या कॅथलिकांची सेवा केली. २०१५ साली रोमने त्यांना संतपद दिले.

याच पिढीतील एक देशी पाद्री म्हणजे तळावलीचे विगार मोंसिन्योर फ्रान्सिश्कु दु रेगु. १६८१ साली त्यांनी सांतानाच्या सध्याच्या वास्तूचे काम आरंभिले, आणि सुमारे आठ वर्षे ते त्यांच्या देखरेखीखाली चालले. उरलेले काम आंतोनियु फ्रान्सिश्कु द कुन्या या दुसऱ्या देशी पाद्र्याने १६९५ साली पूर्णत्वास नेले. चौदा वर्षे एका खेड्याने हे काम अंगावर घेतले. राजधानीतील पंथांच्या मागे लिस्बनचा राजा, व्यापाराचा नफा आणि श्रीमंतांची मृत्युपत्रे उभी असत; येथे शेताचा सारा आणि हाताचे श्रम एवढेच भांडवल.

ती चौदा वर्षे कशी होती हेही पाहिले पाहिजे, कारण वास्तूंच्या इतिहासात सनावळ्या सांगितल्या जातात आणि त्या सनांमध्ये माणसे काय भोगत होती हे सुटून जाते. बांधकामाच्या तिसऱ्या वर्षी, १६८३ च्या नोव्हेंबरात, छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने जुवें बेटावरचा किल्ला हस्तगत केला. तो परत घेण्यास स्वतः गेलेला व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर पराभूत होऊन जेमतेम जीव वाचवून परतला, आणि निराश होऊन त्याने आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या हाती ठेवून रक्षणाची याचना केली, ही कथा गोव्यात आजही सांगतात. पाठोपाठ सासष्टी आणि बार्देशात मराठी घोडी दौडू लागली. मोगल शहाजादा शहा आलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरला नसता तर गोव्याचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, याचा विचार इतिहासकार करीत आले आहेत. संकट टळल्यावर त्याच व्हाइसरॉयने राजधानी मुरगावला हलविण्याचा घाट घातला, आणि १६८४ च्या जूनमध्ये एक फर्मान काढले की देशी लोकांनी आपली भाषा टाकून द्यावी आणि तीन वर्षांच्या मुदतीत पोर्तुगीज बोलू लागावे. तळावलीच्या चिऱ्यांवर चिरे चढत होते ते या दिवसांत. बाहेर तोफा, वर हुकूम, भोवती साथीचे रोग; आणि मध्ये एक खेडे आपल्या आजीबाईचे घर बांधीत होते.

आजीबाई हा शब्द मी सहज वापरलेला नाही. संत आना ही ख्रिस्तमाता मरियेची आई, म्हणजे येशूची आजी. चार शुभवर्तमानांत तिचे नावही नाही. तिची कथा येते ती दुसऱ्या शतकातील, अधिकृत ग्रंथसंग्रहाबाहेर राहिलेल्या एका लेखनातून. ज्योआकिम आणि आना हे वृद्धत्वाकडे झुकलेले निपुत्रिक दांपत्य. समाजात अवहेलना, मनात कष्ट, आणि अखेर देवदूताच्या वचनाने झालेली कन्या मरिया. तळावलीची परंपरा सांगते की, गावातील एका ख्रिस्ती गृहस्थाला एक म्हातारी टेकडी उतरून येताना दिसली, डोक्यावर टोपी, हातात काठी. आणि तिने सांगितले की हे गाव माझे, मी येथे राहावयास आले आहे, माझ्यासाठी घर बांधा. आपल्याकडील देवस्थानांच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात काही परके वाटणार नाही. देवी रानातून येते, गुराख्याला अगर पाटलाला दिसते, अमुक जागी मला स्थापा असे सांगते, आणि गाव ते ऐकते. कोकणातील जवळजवळ प्रत्येक ग्रामदेवतेची नांदी अशीच आहे. येथे देवीच्या जागी आजी आली आहे, एवढाच फरक. आणि नावाचा योगायोग पाहा: पोर्तुगीज ‘सांता आना’ लोकांच्या तोंडी ‘सांताना’ झाली, आणि आपल्या कानांना त्यात ‘संतान’ हा शब्द ऐकू येतो. निपुत्रिकांनी जिच्याकडे पदर पसरावा तिचे नाव असे असावे, हे भाषेचे देणे म्हणावयाचे.

आता इगर्जीच्या दारात उभे राहावे.

प्रथमदर्शनी जाणवते ती उंची. भोवताली माडांची आणि कौलारू घरांची वस्ती. तीत ही पांढरी भिंत एकाएकी पाच मजले चढते, आणि तिच्या दोन्ही अंगांचे मनोरे तिला आवरून धरतात. मजले आडव्या कंगण्यांनी विभागलेले, उभे अर्धस्तंभ तळापासून शिखरापर्यंत एकावर एक रचलेले, आणि या आडव्या-उभ्या रेषांच्या जाळ्यात बसविलेले कोनाडे आणि खिडक्या. ही चौकट युरोपातून आली, यात शंका नाही. परंतु त्या चौकटीत जे भरले आहे ते निराळ्या स्वभावाचे आहे. कोनाड्यांच्या आणि खिडक्यांच्या माथ्यावर मोठमोठे शिंपले उमलले आहेत, पाकळ्या पसरून, भिंतीबाहेर झेपावत. शिंपला हे युरोपीय शिल्पातीलही एक रूढ चिन्ह. यात्रेकरूंचे, बाप्तिस्म्याच्या पाण्याचे. येथे मात्र तो चिन्ह राहिलेला नाही, फुलला आहे. त्याच्या कडा कमळदलासारख्या वळतात, त्याचा आकार भोवतीच्या रेषांना न जुमानता वाढतो. मला तर भिंतीपेक्षा शिंपल्यांचीच आठवण अधिक राहिली.

याचे एक कारण कलावंतांच्या मनात शोधता येईल, पण दुसरे साध्या दगडात आहे. जुन्या गोव्यातील बों जेझुश बांधताना (१५९४ ते १६०५) नक्षीच्या भागांसाठी वसईहून काळा पाषाण गलबतांत घालून आणला होता. बारीक टाकीकाम धरून ठेवणारा तो दगड खेड्याला परवडणारा नव्हता. तळावलीला जांभा होता. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात, आणि वारा लागला की तो टणक होतो. परंतु त्याच्या अंगभर छिद्रे असतात, म्हणून त्यावर पाने-फुले, मुखे, वस्त्रांच्या चुण्या असे नाजूक काम टिकत नाही. तेव्हा गवंड्यांनी नक्षी दगडात न कोरता चुन्यात घडविली. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची विद्या कोकणात जुनी आहे. त्या चुन्याचे जाड थर चढवून, ओले असतानाच हाताने आणि थापीने त्यांना आकार द्यावयाचा. मातीचा गणपती घडविणाऱ्या बोटांना हे काम नवीन नव्हते. चुनेगच्चीच्या कामात रेषा दगडासारखी धारदार येत नाही. ती भरीव, गोलाई असलेली, सावली धरणारी येते. सांतानाच्या दर्शनी भिंतीला जे मांसल सौष्ठव आहे, आणि उतरत्या उन्हात जे छायाप्रकाशाचे खेळ तिच्यावर उमटतात, त्यांचे मूळ या गरिबीत आहे. शिंपल्यांच्या चुन्याने शिंपले घडविले गेले, हेही जाता जाता नोंदवावेसे वाटते.

आत शिरल्यावर बाहेरची भव्यता प्रकाशात रूपांतरित झालेली दिसते. मध्यदालन रुंद आणि उंच, त्यावर लदाव. दोन्ही बाजूंच्या भिंती दुमजली, खाली बाजूची आल्तारे आणि वर सज्जे. या भिंती इतक्या जाड आहेत की त्यांच्या पोटातून वाटा काढलेल्या आहेत, आणि पापनिवेदनासाठी येणारी माणसे त्या वाटांनी येत-जात असत. भिंत म्हणजे ज्याच्या पलीकडे काही नाही असा शेवट, ही आपली कल्पना येथे पालटते; भिंतीतच माणसाचा वावर आहे, तिच्या आत कुजबुज आहे. मनातले सांगण्यासाठी माणसाला इगर्जीच्या अंगातच जागा करून देणारा हा गवंडी कोण होता, हे कळले असते तर किती बरे झाले असते! पाद्र्यांची नावे कागदावर राहिली. मेस्तांची राहिली नाहीत.

त्या मेस्तांविषयी एक गोष्ट मात्र दस्तऐवजातूनच कळते, आणि ती मनाईहुकमाच्या रूपाने. १५६७ साली गोव्यात भरलेल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना बजावले की त्यांनी आपल्या मूर्ती, चित्रे आणि पूजेच्या वस्तू अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. ज्या गोष्टीची मनाई करावी लागते ती सर्रास चालू असते, हा इतिहासवाचनाचा साधा नियम आहे. चितारी, चारी, सोनार, पाथरवट यांच्या पिढीजात विद्येवाचून हे काम होण्यासारखे नव्हते. कारागीर कधी हिंदू असे, कधी बाप्तिस्मा घेतलेला असे, परंतु हात तोच असे. म्हणून गोव्याच्या जुन्या पुल्पितांच्या तळाशी, जेथे युरोपातील कारागीर पंखधारी देवदूत बसवील, तेथे कमरेखाली सर्पाकार झालेल्या नागकन्या प्रवचनाचा भार मस्तकावर तोलून धरताना दिसतात. म्हणून मरियेच्या डोळ्यांना मीनाक्षीचा आकार येतो, आणि देवदूतांचे गाल बाळकृष्णासारखे भरलेले असतात. हे कोणी ठरवून, समन्वयाचा विचार मनाशी धरून केले असेल असे मला वाटत नाही. माणूस ज्या हाताने जेवतो त्याच हाताने मूर्ती घडवितो.

गोव्यातील आल्तारामागची कोरीव लाकडी पाठभिंत हा या कलेचा कळस. सागाच्या फळ्यांवर पिळाचे खांब, द्राक्षवेली, पाने, फळे कोरावयाची; त्यावर सरस आणि पांढरी माती यांचे थर देऊन ते घासून गुळगुळीत करावयाचे; मग तांबूस मातीचा हात देऊन, श्वास रोखून, वाऱ्याने उडेल इतका पातळ सोन्याचा वर्ख बसवावयाचा, आणि तो गुळगुळीत दगडाने घोटून चमकवावयाचा. खालच्या तांबूस थरामुळे सोन्याला उष्ण झळाळी येते. सांतानाच्या पांढऱ्याशुभ्र अंतर्भागात, मुख्य आल्ताराशी पोचेपर्यंत डोळा पांढऱ्याला सरावलेला असतो. आणि मग हे सोने समोर येते. मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात ते पाहण्याचा योग ज्यांना आला असेल त्यांना ठाऊक आहे की ही पाठभिंत स्थिर नसते. ती श्वास घेत असते. विजेच्या दिव्यांनी ती गंमत बरीचशी नाहीशी केली आहे.

सांताना पूर्ण झाल्यानंतर थोड्याच वर्षांत, तिसवाडीतल्याच दिवाडी बेटावर, टेकडीच्या माथ्यावर पियेदादीची इगर्ज नव्याने उभी राहिली. तिचा आराखडा आंतोनियु जुवांव द फ्रियाश या गोमंतकीय पाद्र्याचा मानला जातो. याच फ्रियाशने १७०२ साली लिस्बनमध्ये एक ग्रंथ छापून ब्राह्मण ख्रिस्त्यांच्या कुलीनतेचा हिरिरीने पुरस्कार केला होता. जातीचा तो अभिमान आज आपल्याला रुचणार नाही, रुचूही नये. परंतु त्यामागची जखम समजून घेतली पाहिजे. ज्यांना युरोपीय पाद्री आपल्या पंक्तीस बसवून घेत नव्हते, त्यांनी कोणी शब्दांत वाद मांडला, कोणी चुन्या-दगडांत मांडला. रेगु आणि कुन्या यांनी राजधानीतील सर्वांत डौलदार देवालयाचा घाट उचलून खेड्यात उभा केला, त्यात मला हाच स्वर ऐकू येतो: जे तुम्ही तेथे बांधलेत, ते आम्ही येथे बांधू शकतो, आणि आमच्या रीतीने.

पुढे काय झाले ते आरंभी सांगितलेच आहे. आगुस्तिनांची इगर्ज पंथाची होती. पंथ गेला आणि तिला वाली उरला नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे १२० इंच पाऊस पडतो. गिलाव्याची एक भेग दोन पावसाळे दुर्लक्षित राहिली तरी पिंपळाचे रोप तीत मूळ धरते, पाणी जांभ्याच्या छिद्रांत शिरते, आणि भिंत आतून भुसभुशीत होऊ लागते. जांभ्याच्या वास्तूचे आयुष्य तिच्या पायापेक्षा तिच्या चुन्यावर अवलंबून असते, आणि चुना दर काही वर्षांनी कोणीतरी लावावा लागतो. तळावलीला ते ‘कोणीतरी’ होते. पारिशची फाब्रिका, म्हणजे मालमत्ता सांभाळणारी समिती होती, कोंफ्राद, म्हणजे भाविकांचा संघ होता, गावकारी होती. पीक बुडाले, साथ आली, राज्ये बदलली, तरुण मुले मुंबईला आणि आफ्रिकेला चाकरीसाठी गेली, तरी फेस्ताआधी, म्हणजे सणाआधी, इगर्ज पांढरी झाली पाहिजे हे ठरलेले होते. मोंति सांतुवरील त्या देवालयाची मोठी घंटा तेवढी वाचली. १८४१ मध्ये ती आग्वादच्या दीपस्तंभावर गेली, आणि १८७१ पासून पणजीच्या निष्कलंक गर्भधारणेच्या इगर्जीवर आहे. तिचा आवाज पणजीला ऐकावा, आणि त्या देवालयाचे रूप पाहण्यासाठी तळावलीला यावे.

आणि यावयाचे तर जुलैअखेरीस यावे. २६ जुलै हा संत आनाचा दिवस. त्या सुमारास येथे भरते ते ‘तवशांचें फेस्त’, म्हणजे काकड्यांचा सण. पावसाळ्यात कोकणच्या परसांतून, मांडवांवरून जी लांबट, फिकट हिरवी तवशी लोंबू लागतात, ती घेऊन स्त्रिया सांतानाच्या पायाशी येतात आणि मूल मागतात. पोर्तुगीज भाषेत काकडीला ‘पेपीनु’ आणि बाळाला ‘मेनीनु’; एक घे आणि दुसरे दे, अशी यमक जुळविलेली मागणी. लग्नाच्या खटपटीत असलेला मुलगा चमचा वाहतो, कारण ‘कुल्येर’ म्हणजे चमचा आणि ‘मुल्येर’ म्हणजे बायको. नवरा हवा असलेली मुलगी मात्र उडीद आणते. आणि येथे यमकाची गंमत पाहण्यासारखी आहे, कारण ‘मरीदु’ या पोर्तुगीज नवऱ्याशी जुळविण्यासाठी पोर्तुगीज शब्द न घेता आपल्या घरचा उडीदच ‘उरीदु’ करून त्या ओळीत बसविला आहे. ज्या १६८४ च्या फर्मानाने तीन वर्षांत कोंकणी पुसून टाकावयाची होती, तिचे काय झाले हे या उडदाच्या दाण्याला विचारावे. लोकांनी पोर्तुगीज घेतली, पण आपल्या डाळीसकट घेतली. आणि सटवाईला, षष्ठीला, संतानगोपाळाला नवस बोलणाऱ्या आपल्या आयाबायांना या रांगेत उभे केले तर त्यांना काय करावयाचे हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला लईराई देवीची बहीण मानून तेल वाहणाऱ्या गोव्यात अशा रांगा नव्या नाहीत.

त्या दिवशी बहुधा पाऊस असतोच. इगर्जीच्या पुढ्यात तवशांचे ढीग घेऊन बसलेल्या बायका फळांवर ओले गोणपाट टाकतात, नव्या जोडप्यांना निवडून निवडून, देठ हिरवा असलेले तवसे काढून देतात. छत्र्या मिटून माणसे आत शिरतात. आत ओल्या कपड्यांचा, मेणाचा आणि कापल्या तवशाचा एकत्र वास भरलेला असतो; आणि गर्दीत एखादी स्त्री, मागच्या की त्याच्या मागच्या वर्षी तवसे वाहून गेलेली, यंदा कडेवरच्या पोराला पुढे करून, सोन्याच्या त्या पाठभिंतीतील म्हातारीकडे बोट दाखवून त्याला हलक्या आवाजात सांगत असते, “ती पळय, तुजी व्हडलीमाय.”